चाल कुणाची, पेटी कुणाची

सकाळी छापखान्याच्या फळ्या काढल्या की सिद्रामप्पा आधी रस्त्याकडे बघायचे. समोरून जे पहिलं माणूस जाईल, त्याचं नाव ते छपाईच्या शिशाच्या खिळ्यांत जुळवायचे. मग तो दूधवाला असो, शाळेचा शिपाई असो, नाहीतर लातूरच्या गाडीसाठी पळत सुटलेला कुणी वकील असो. डाव्या हातात पितळी पट्टी, उजव्या हाताची बोटं लाकडी खणांतून चिमणीसारखी टिपत फिरायची. नाव जुळलं की ते उलटं वाचायचे, स्वतःशी हसायचे आणि एकेक खिळा परत आपापल्या खणात टाकून द्यायचे. छापायचे नाहीत. "बोटं मोकळी होत्यात," एवढंच म्हणायचे.

"लोकांच्या नावानं बोटं मोकळी होत्यात, सवताच्या नावानं होत न्हाईत व्हय?" त्यांची बायको महादेवी विचारायची.

"मी कुठं रस्त्यानं जातो? मी तर दुकानात हाय."

बोलणं हसण्यावारी जायचं, पण ते खरं होतं. मुरुडमध्ये असं घर नव्हतं, ज्यातल्या कुणाचं ना कुणाचं नाव सिद्रामप्पांच्या यंत्रातून निघालेलं नाही. त्यांचं स्वतःचं नाव मात्र कुठंच नव्हतं. पत्रिकेच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, छापखान्याचं नाव यायचं, आणि तेही वडिलांच्या नावाचं. दर सोमवारी मठातल्या भजनात ते पेटी वाजवायचे. भजनाचं पत्रक छापलं तरी त्यात महाराजांचं नाव, यजमानांचं नाव, प्रसादाचं नाव. पेटीवाल्याचं नाही. पत्रक छापणारे तेच, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची?

छापखाना एका खोलीचा. पायानं चालवायचं यंत्र, शाईचा वास, दोरीवर वाळत घातलेले कागद. लातुरात छपाई जास्त सुबक होत असे, तरी लग्नपत्रिका घेऊन आसपासच्या गावांची माणसं सिद्रामप्पांकडेच यायची, कारण नावं लावावीत तर त्यांनीच. थोरल्या चुलत्याला निमंत्रक करायचं की विनीत, रुसलेल्या जावयाला कुठल्या ओळीत बसवायचं, वारलेल्या आजोबांना कैलासवासी लावून सगळ्यांच्या वर कसं घ्यायचं, हे त्यांना न विचारता कळायचं.

"पत्रिका म्हंजे पंगत हाय," ते सांगायचे. "ज्याला त्याला मानाचा पाट मिळाला की कुणी उठून जात न्हाई."

पण त्या वर्षी पंगतीच बसेनात. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. विहिरींचे तळ दिसू लागले होते आणि लग्नं पुढच्या सालावर ढकलली जात होती. छापखाना चालला तो नव्या जिल्ह्यावर. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं उलटली, तरी कित्येक दुकानदारांच्या पावत्यांवर अजून उस्मानाबादच होतं. जुना गठ्ठा संपल्याशिवाय नवा छापायचा नाही, हा बाजारपेठेचा रिवाज. आता कुठं ते गठ्ठे संपत आले होते. सिद्रामप्पा दिवसभर 'जि. लातूर' जुळवत बसायचे. 'लातूर' या तीन अक्षरांचे खिळे झिजून गुळगुळीत झाले होते.

पाण्याचा टँकर त्यांच्याच कोपऱ्यावर थांबे. तो यायच्या कितीतरी आधी घागरींची रांग लागायची आणि तिचं शेपूट छापखान्याच्या पायरीपर्यंत यायचं. बायका घागरी रांगेत ठेवून सावलीला बसायच्या. त्यांच्यात पार्वतीबाई असायची. दोन गल्ल्या पलीकडच्या किराणा दुकानदाराच्या घरची. उंच, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की टँकरचं इंजिन चालू असतानाही मागच्या घागरीपर्यंत पोचायचा. तिला बसल्या जागी गाणी सुचत. टँकरवाल्यावर, रांगेत मधेच घुसणाऱ्यांवर, आणि लातूरहून पाहणीला येणाऱ्या साहेबांच्या जीपवर तर हमखास.

नव्या जिल्ह्याची नवी गाडी गं, गाडीवर लाल दिवा
दिव्याखालचा साहेब पुसतो, पाणी येतं कवा?
अवो साहेब, तुम्हीच सांगा, आम्ही पुसावं कुणा?
घागर म्हणते भर मला गं, टँकर म्हणतो उद्या पुन्हा.

बायका हसून हसून एकमेकींवर पडायच्या. एका दुपारी सिद्रामप्पांना राहवलं नाही. त्यांनी कोपऱ्यातली पेटी ओढली आणि आतूनच सूर धरला. बाहेर गाणं थांबलं.

"कोण वाजवतंय आत?" पार्वतीबाईचा आवाज आला.

"मी. वाजवू नको का?"

"वाजवा की. पण मागं मागं या. पुढं पळू नका."

दुसऱ्या दिवशी दगडोबा ढोलकी घेऊन आला. पेठेतल्या लग्नांत वाजवणारा माणूस. लग्नं नाहीत म्हणून घरी बसून बेजार झाला होता. मग तो रोजचाच कार्यक्रम झाला. टँकरला उशीर झाला तरी कुणी ओरडेना. उलट टँकर वेळेवर आला की दगडोबा म्हणायचा, "आला का मेला! आत्ताच रंग चढला होता."

बाजारच्या दिवशी नांदेडहून विरूपाक्ष कॅसेटी विकायला मुरुडला येई. मूळचा देगलूरचा, तिशीतला, बोलता बोलता मधेच एखादा तेलुगू शब्द टाकणारा. नांदेडात त्याचं दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत तो स्वतः गाणी ध्वनिमुद्रित करून 'गोदाकाठ कॅसेट' या नावानं काढायचा. त्या दिवशी तो छापखान्यापुढून चालला होता, तो थबकला आणि गाणं संपेपर्यंत उन्हात उभा राहिला.

"अप्पा, हे कुठल्या कॅसेटातलं?"

"कॅसेटातलं न्हाई, टँकरातलं," सिद्रामप्पा म्हणाले.

विरूपाक्षाने तिथंच बोलणं केलं. आठ गाणी घ्या, नांदेडला या, खर्च त्याचा. बसवजयंतीला मुरुडच्या मिरवणुकीत कॅसेट वाजली पाहिजे. आणि सिद्रामप्पांचा छापखानाच आहे, तर कॅसेटच्या डबीत घालायचं कार्डही त्यांनीच छापावं.

अडचण एकच होती. पार्वतीबाईचे थोरले दीर महादेवप्पा. घरात त्यांचा शब्द चाले, आणि बायकांनी नांदेडला जाऊन गायचं हे त्यांच्या पचनी पडेना. सिद्रामप्पांनी आपलं ठेवणीतलं शहाणपण काढलं.

"महादेवप्पा, कार्डावर तुमचं नाव घेतो की. मानाच्या जागी."

महादेवप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "जाडं अक्षर हाय ना?"

"हाय."

"मग जाऊ द्या त्यांना."

नांदेडचा तो दिवस सिद्रामप्पा पुढं कितीतरी लोकांना सांगत असत. पहाटेची एस.टी., मांडीवर पेटी, दगडोबाची ढोलकी वरच्या फळीवर आणि पाच बायकांच्या मधोमध पितळी घागर घेऊन बसलेली पार्वतीबाई. घागर कशाला, असं वाहकानं विचारलं. "पाणी मिळालं तर आणायला," ती म्हणाली. लोह्यापर्यंत गाडीतली माणसंही टाळ्या धरून गाऊ लागली होती.

विरूपाक्षाच्या खोलीत भिंतींना वाकळा टांगल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून. पलीकडे काचेमागे यंत्रापाशी तो स्वतः बसला होता. पंखा बंद, खिडक्या बंद, सगळ्यांच्या कपाळावरून घाम. ध्वनिमुद्रण सुरू झालं की दारावर लाल दिवा लागायचा. तो लागला मात्र, पार्वतीबाई ओरडली, "अगं बाई, साहेब हितं बसलाय व्हय!" सगळी खोली हसत सुटली आणि पहिली फीत त्या हसण्यातच गेली.

मग विरूपाक्षाने तिला एकटीला उभं केलं. माईक किती लांब ठेवायचा ते बघण्यासाठी तिच्याकडून नुसतीच गाणी म्हणून घेतली, वाद्यांशिवाय. नंतर सगळे बसले. ढोलकी त्या खोलीत दबकी वाटू लागली, तेव्हा दगडोबानं घागर पुढ्यात घेतली आणि तिच्या तोंडावर तळवा मारून ठेका धरला. असा काही खोल, गोल आवाज निघाला की विरूपाक्ष काचेमागून दोन्ही हात वर करून नाचला. आणि सिद्रामप्पा! दोन कडव्यांच्या मधे पार्वतीबाई दम घ्यायला थांबायची, तेवढ्या रिकाम्या जागेत त्यांची बोटं आपोआप धावायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही ठरवलं नव्हतं. एक लहानशी तान, उताराला लागलेल्या सायकलीसारखी, बरोबर पुढच्या कडव्याच्या दारात आणून सोडणारी.

शेवटचं गाणं वेगळं होतं. रांगेत ते सुरू झालं की बायका हसायच्या थांबत.

हळू हळू चल घागरी बाई, सांडू नको गं पाणी
वाटेवरती तहानली माझ्या माहेराची गाणी.

ते संपल्यावर विरूपाक्ष काचेमागून बाहेर आला. म्हणाला, "कॅसेटचं नाव हेच. 'हळू चल घागरी'." निघताना त्यानं सिद्रामप्पांच्या हातात नमुन्याचं एक कार्ड ठेवलं. त्यावर नुसत्या जागा होत्या. गीत. संगीत. गायन. संयोजन. वाद्यसाथ. आभार. "नावं भरा, अप्पा. एक प्रूफ मला दाखवा, मग छापा."

त्या आठवड्यात सिद्रामप्पा हवेत चालत होते. पेठेतला जो भेटेल त्याला कॅसेटची बातमी. नव्या जिल्ह्यात असलं काही मुरुडनं पहिल्यांदा केलं, हे तर ते दहा जणांना तरी बोलले असतील. मग ते नावं जुळवायला बसले, आणि बसले ते लग्नपत्रिका जुळवतात तसेच. आधी मान कुणाचा? महादेवप्पांना शब्द दिला होता, ते वयानं थोर. म्हणून 'गीत : महादेवप्पा', सगळ्यांत वर, जाड अक्षरात. गाणारी पार्वतीबाई, म्हणून 'गायन : सौ. पार्वतीबाई व सहकारी भगिनी'. दगडोबा रुसायला नको, त्याला 'संयोजन'. मठाच्या महाराजांना 'आशीर्वाद'. टँकरवाल्यालाही त्यांनी 'सहकार्य' म्हणून एका कोपऱ्यात बसवलं.

राहिलं 'संगीत'. त्यांची बोटं खणांवर थांबली. संगीत म्हणजे वाद्य. वाद्यांत पेटी मोठी. पेटी कुणाची? त्यांनी 'सि' उचलला. मग 'द्रा'. पट्टीत आपलं पूर्ण नाव उलटं उभं राहिलेलं बघताना त्यांचे कान गरम झाले. कडेनं वेलबुट्टी घातली, माथ्यावर नंदीचा ठोकळा बसवला आणि प्रूफ काढून महादेवीपुढे धरलं.

तिनं कार्ड लांब धरून, जवळ धरून वाचलं. "लई सुंदर," ती म्हणाली. "लगीन कुणाचं हाय?"

"लगीन?"

"न्हाई, नवरीचं नाव दिसंना म्हणून पुसते."

ते चिडले आणि प्रूफ घेऊन तडक रांगेत गेले. पार्वतीबाई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि पहिल्याच ओळीला थांबली.

"गीत आमच्या भाऊजींचं?"

"मान म्हणून. तुला जाऊ दिलं त्यांनी."

"जाऊ दिलं म्हणून गाणी त्यांची झाली? घरात भाऊजी मिठाची पुडी मागायची तर चार वेळा खाकरत्यात, शब्द फुटत न्हाई. एक ओळ म्हणून दाखवा म्हणावं." बायका खुसखुसल्या. पार्वतीबाईचं बोट खाली सरकलं. "आन् संगीत तुमचं?"

"पेटी कोण वाजवतं?"

"पेटी मागून येती, अप्पा. चाल मी धरते, मग तुमची पेटी ती हुडकत येती. चार दिस तर तुम्हाला घागरीचं गाणं सापडतच नव्हतं. आता माझं काय राहिलं ह्यात? गळा? गळा तर टँकरवाल्यालाबी हाय."

"पार्वतीबाई, तुझं नाव बघ की केवढ्या मोठ्या अक्षरात घेतलंय!"

"अक्षर मोठं करून नका भुलवू मला. माझी पोरगी किनवटच्या वसतिगृहात शिकती. ती कॅसेट लावून मैत्रिणींना काय सांगंल? गाणी काकांची, चाल छापखानेवाल्याची, माझी आई नुसती बोंबलली?" तिनं प्रूफ परत त्यांच्या हातात ठेवलं. आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच सिद्रामप्पांना भय वाटलं. "असंच छापायचं तर छापा. मी मिरवणुकीला येत न्हाई. आन् हितंबी गात न्हाई."

टँकर आला. तिनं घागर भरली आणि मागे न बघता निघून गेली. त्या दिवशी रांगेत कुणी गायलं नाही.

सिद्रामप्पा दुसऱ्या दिवशी नांदेडची गाडी धरून निघाले. मनात एकच होतं, विरूपाक्ष आपली बाजू घेईल. तो धंद्यातला माणूस, त्याला पेटीची किंमत ठाऊक. संगीत या शब्दापुढं आपलं नाव एकदा छापलं गेलं की झालं. मग पार्वतीबाईची समजूत काढता येईल, महादेवी हसेल तर हसेल. वाटेत करपलेली रानं, कोरडे नाले. त्यांना काही दिसत नव्हतं. खिशातल्या प्रूफवरून ते सारखा हात फिरवत होते.

विरूपाक्षाने प्रूफ वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अय्यो, अप्पा! हे कार्ड हाय की आहेर?"

"संगीत मी लावलं, हे तरी बरोबर हाय ना?"

विरूपाक्ष उठला. त्यानं एक फीत यंत्रावर चढवली. माईकचं अंतर बघताना घेतलेली. पार्वतीबाई एकटी गात होती. पेटी नाही, घागर नाही, मागच्या बायका नाहीत. साहेबाचं गाणं, टँकरचं गाणं, घागरीचं गाणं. शब्द पुरे होते. चाल पुरी होती. कुठं काही कमी आहे असं वाटत नव्हतं.

"आता तुम्ही वाजवा," विरूपाक्ष म्हणाला. पेटी कोपऱ्यात होतीच. "पण तिची चाल नको. तुमची वाजवा."

सिद्रामप्पांनी भाता उघडला. बोटं पट्ट्यांवर ठेवली. बोटं गेली ती 'नव्या जिल्ह्याची नवी गाडी'वरच गेली. त्यांनी ती उचलली, पुन्हा ठेवली. आता मठातलं भजन आलं. तेही त्यांचं नव्हतं. त्यांनी भाता मिटला.

विरूपाक्षाने चहा मागवला. तो वाईट वाटून घेणारातला नव्हता आणि वाईट वाटू देणारातलाही नव्हता. "अप्पा, सोपं हाय. शब्द ज्यानं बांधले त्याचं गीत. चाल ज्यानं बांधली त्याचं संगीत. गळा ज्याचा त्याचं गायन. एकच माणूस तिन्ही करत असंल तर तिन्हीकडं त्याचंच नाव. वय बघायचं न्हाई, नातं बघायचं न्हाई. काय केलं तेवढं बघायचं."

"मग मी काय केलं?" सिद्रामप्पांनी विचारलं. प्रश्न त्यांना वाटला त्यापेक्षा मोठ्यानं विचारला गेला.

"ऐका की." विरूपाक्षाने दुसरी फीत चढवली, सगळ्यांची. पहिलं कडवं संपलं. आणि मधल्या जागेत ती तान आली, धावत, वळण घेत, पुढच्या कडव्याला दारात सोडून गेलेली. "ही कुणाची?"

"ती अशीच आली."

"अशीच कुणाच्या बोटातून आली? तिच्या फितीत ही न्हाई. मठाच्या भजनातबी नसंल. आठही गाण्यांत वेगवेगळी हाय, मी मोजून बघितलं. घागर पुढं आणली दगडोबानं, मधल्या जागा भरल्या तुम्ही. ह्याला संयोजन म्हणत्यात. तुम्हा दोघांचं. आन् पेटी तुमची, ती वाद्यसाथीत वेगळी."

सिद्रामप्पांनी ती जागा पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांचा पाय हलू लागला. आपण काहीतरी बनवलं आहे आणि ते आपल्याला ठाऊकच नव्हतं! अधिकाऱ्यांच्या भेटकार्डांपासून हळदीच्या आमंत्रणांपर्यंत सगळं छापून झालं, आणि हे चार सुरांचं आपलं लेकरू असं परक्या गावात, वाकळा टांगलेल्या खोलीत भेटलं. त्यांनी चहा बशीत ओतला आणि न पिताच पुन्हा कपात ओतला.

"आन् महादेवप्पा?" त्यांना एकदम आठवलं. "जाडं अक्षर कबूल केलंय मी."

"त्यांनी काय केलं?"

"जाऊ दिलं."

"मग आभार. जाड अक्षरात आभार."

बसवजयंती उद्यावर आली होती. रात्रीच्या गाडीनं सकाळी मुरुडला परतल्या परतल्या त्यांनी कुणाला न भेटता सगळं सोडलं आणि नव्यानं जुळवलं. गीत, संगीत, गायन : पार्वतीबाई. संयोजन : सिद्रामप्पा, दगडोबा. हार्मोनियम. घागर व ढोलकी. आशीर्वाद. आभार. शाई वाळायच्या आत ते प्रूफ हातात धरून रांगेकडे पळाले. हो, पळालेच, पेठेनं त्यांना त्या वयात पळताना पहिल्यांदा बघितलं.

पार्वतीबाईनं बोट ठेवून वाचलं. आपल्या नावापाशी ती थांबली. पदर डोळ्यांकडे नेला आणि तसाच खाली आणला. "बरं झालं," म्हणाली. मग बोट पुन्हा वर गेलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ह्यात अजून एक चूक हाय."

"आता काय?" सिद्रामप्पा प्रूफवर वाकले.

"घागरीच्या गाण्याचे शब्द माझे. चाल माझी न्हाई. ती लक्ष्मम्माची."

रांगेत पुढं एक ठेंगणी बाई पोराला काखेत घेऊन उभी होती. लक्ष्मम्मा. नवरा तेलघाणीवर कामाला. उदगीरकडची, घरी कानडी बोलणारी. पोर लहान म्हणून ती नांदेडला आली नव्हती. रांगेत पोराला झुलवताना ती काहीतरी गुणगुणत असायची, ते पार्वतीबाईनं उचललं होतं आणि त्यावर मराठी शब्द बसवले होते.

"तुझी चाल हाय का गं ती, आईकडची?" सिद्रामप्पांनी विचारलं.

"नंदे," लक्ष्मम्मा म्हणाली. "माझीच. हा रडायला लागला की करते. आईला कुठं गाता येतंय?" आणि मग घाबरून, "का? काय झालं?"

"कॅसेटचं नाव त्याच गाण्याचं हाय, पार्वतीबाई," सिद्रामप्पा हळू आवाजात म्हणाले. "तेच लोक जास्त ऐकणार. कुणाला कळणार हाय?"

"मला कळंल की," ती म्हणाली. "पोरीला खरं सांगायचं म्हणून तर एवढं भांडले. आता काय अर्धंच खरं सांगू? घाला तिचं नाव."

नाव घालायचं तर जागा नव्हती. कार्ड तळहाताएवढं, ओळी एकमेकींना चिकटलेल्या. सिद्रामप्पा छापखान्यात येऊन उभे राहिले. महाराजांचा आशीर्वाद काढता येत नव्हता, महादेवप्पांचं जाड अक्षर तर नाहीच नाही. त्यांनी कडेची वेलबुट्टी काढली. माथ्यावरचा नंदी काढला. वडिलांच्या वेळेपासून एकही कार्ड त्या नंदीशिवाय बाहेर गेलं नव्हतं. मोकळ्या झालेल्या ओळीत त्यांनी जुळवलं : 'हळू चल घागरी'ची चाल : लक्ष्मम्मा.

महादेवी दारात उभी होती. "आता कळतंय कुणाचं काय हाय ते," ती म्हणाली आणि कागद वाळत घालायला आत आली. त्या दुपारी यंत्रावर त्यांचा पाय आणि दोरीवर तिचा हात, दोघंही थांबले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं विरूपाक्ष स्वतः कॅसेटी घेऊन आला आणि छापखान्याच्या पायरीवर बसून सगळ्यांनी कार्डं दुमडून डब्यांत घातली.

मिरवणुकीत बसवण्णांच्या प्रतिमेपुढं नेहमीची वचनं झाली, आणि मग पेठेच्या चौकात कर्ण्यावर कॅसेट लागली. लाल दिव्याच्या गाण्याला माणसं खदखदून हसली, बंदोबस्ताचा पोलीससुद्धा. पार्वतीबाई पुढच्या रांगेत, नवं लुगडं नेसून, हात कमरेवर. महादेवप्पा कार्ड घेऊन माणसामाणसाला 'आभार' दाखवत होते. "आपल्याशिवाय झालं नसतं म्हंतोय कागद," ते सांगत होते. शेवटी घागरीचं गाणं आलं. लक्ष्मम्मा गर्दीच्या कडेला होती. काखेतलं पोर चाल ओळखून तिच्याकडे वळून बघायला लागलं, आणि ती तोंडावर हात ठेवून हसत राहिली. दगडोबा सिद्रामप्पांना कोपरानं ढोसत होता, "आली बघा, आली बघा तुमची जागा!" आणि ती आली तेव्हा सिद्रामप्पांनी डोळे मिटले नाहीत. उघडे ठेवून ते गर्दीकडे बघत राहिले, त्या चार सुरांवर किती पाय हलतात ते.

कॅसेट चांगली चालली. किनवटच्या वसतिगृहात पोहोचली, इस्लापूरकडच्या जत्रांत वाजली. पुढं पाऊस आला, लग्नं आली, पत्रिकांचे गठ्ठे आले. लोक कधी कौतुकानं सिद्रामप्पांना संगीतकार म्हणत. ते लगेच अडवत आणि कुणी काय केलं ते सगळं पहिल्यापासून सांगत, ऐकणारा कंटाळेपर्यंत. एक मात्र झालं. त्यानंतर लग्नपत्रिका घेऊन येणाऱ्याला ते विचारू लागले, "स्वयंपाक कोण करणार हाय? मांडव कोण घालणार? त्यांची नावं द्या की." बहुतेक जण नको म्हणत. काही जण देत.

छपाईची नवी यंत्रं आली, खिळे भंगारात गेले, छापखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. म्हातारपणी ते दुपारी समोरच्या हॉटेलात बसायचे. हॉटेलवाला त्यांना बघून जुनी कॅसेट लावायचा. त्या गुरुवारीही लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठले नाहीत, म्हणून तो गुरुवार लोकांच्या लक्षात राहिला. बाहेरगावचा एक माणूस चहा पीत बसला होता. गाणं ऐकून त्यानं विचारलं, "बाबा, हे कुणाचं हो?"

सिद्रामप्पा सरसावून बसले, बशी खाली ठेवली आणि बोट वर करून म्हणाले, "शब्द पार्वतीबाईचे, चाल लक्ष्मम्माची. मधी मधी मी हाय. थांबा, आता येतोच बघा."